कार्ले मामांच्या मालकीचा शब्द

पार्लर चालवणाऱ्या बाईला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. संध्याकाळी झाडू मारायला घेतला की खुर्चीखालून केसांचा ढीग निघतो ना, तसे ते आपोआप साचतात. पण अलीकडे माझ्याकडे जे साचलेत ते पार्लरमधले नाहीत. ते आहेत इंग्रजीच्या क्लासमधले!

नगरला लागून केडगावात, पुणे रोडला, बॅटरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास भरतो. बाहेर पाटी आहे, 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी, उच्चार व अर्थासह'. खाली बॅटऱ्या चार्ज करतात, वर आम्हाला.

मी तिथं का गेले? लग्नाच्या सीझनला पुण्या-बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुली माझ्याकडे ब्रायडल मेकअपला येतात. खुर्चीत बसून फोनवर फाडफाड इंग्रजी बोलतात आणि मध्येच आरशातून माझ्याकडे बघून हसतात. आता ही माझ्याबद्दल बोलतेय की होणाऱ्या सासूबद्दल, एवढं तरी कळायला नको? म्हणून गेले.

* * *

क्लासचे शेळके सर मोठे अवलिया. वडील मार्केट यार्डात कांद्याचे आडतदार. सरांचं लहानपण कांद्याच्या लिलावात गेलं. पुढे एम.ए. झाले, इंग्रजी शिकवायला लागले, पण लिलाव काही अंगातून गेला नाही.

सर फळ्यावर एक शब्द लिहितात. उच्चार आमच्याकडून घोकून घेतात. अर्थ सांगतात. आणि मग टेबलावर डस्टर आपटून ओरडतात, "चला, बोला! शब्द कुणाला पाहिजे?"

बोली पैशांची नाही. बोली वाक्याची. आणि वाक्य आपल्या स्वतःच्या घरातलं पाहिजे, पुस्तकातलं चालत नाही. एकेक जण उठतो, वाक्य टाकतो. ज्याचं वाक्य सगळ्यात भारी, त्याच्यावर सर "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणत डस्टर आपटतात. शब्द त्याचा!

त्याचा म्हणजे कायमचा त्याचा. नंतर क्लासमध्ये दुसऱ्या कुणाला तो शब्द वापरायचा असेल तर आधी मालकाची परवानगी घ्यायची. 'विथ द परमिशन ऑफ' अमुक-अमुक असं म्हणायचं आणि मगच शब्द उच्चारायचा. मालक 'नाही' म्हणाला तर विषय संपला.

"लोक वाचलेलं विसरतात," सर म्हणतात. "मालकीचं कुणी विसरतं का?"

हे मात्र अगदी खरं निघालं. कुठं काही लिहून ठेवलेलं नाही, पण कुठला शब्द कुणाचा हे क्लासमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. शेजाऱ्याच्या बांधाची नसेल एवढी आम्हाला शब्दांची खबर!

* * *

पहिल्याच लिलावात सरांनी फळ्यावर लिहिलं, मॅग्नॅनिमस. म्हणजे दिलदार, मोठ्या मनाचा.

तो घेतला कार्ले मामांनी. मामा रिटायर्ड. सगळी हयात त्यांनी नगरच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात घालवली. त्यामुळे मामा कुठलाही शब्द पुकारल्यासारखाच म्हणतात. मॅग्... नॅनि... मस! ऐकणाऱ्याला वाटावं, आता फलाट पण सांगतील.

मामा उठले आणि म्हणाले, "माय वाइफ इज मॅग्नॅनिमस. शी गेव्ह माय न्यू स्वेटर टू हर ब्रदर."

सरांनी एक वार, दोन वारसुद्धा म्हटलं नाही. थेट डस्टर आपटलं.

त्या दिवसापासून परवापरवापर्यंत मामांनी तो शब्द कुणाला वापरू दिला नाही. एकालाही नाही! दिलदार या शब्दाच्या बाबतीत एवढा चिक्कू माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

* * *

भिंगारचे पठारे काका आणि काकू जोडीनं क्लासला येतात. काका लष्कराच्या ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क होते. घरी बोलायला विषय उरले नाहीत म्हणून इंग्रजीत बोलून बघू, असं काकूंनी ठरवलं.

ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी, हा शब्द काकूंनी जिंकला. वाक्य होतं, "माय हजबंड इज ऑब्स्टिनेट. फ्रिज इज फुल, स्टिल ही ब्रिंग्ज मेथी."

पुढच्या आठवड्यात काका तोंड पाडून आले. म्हणाले, "सर, हा नियम क्लासपुरता ठेवा. घरी लागू करू नका."

"काय झालं?"

"अहो, काल आमचं भांडण जुंपलं. मी रंगात आलो. म्हटलं, यू आर... तर ही म्हणते, आधी परवानगी! मी म्हटलं, मे आय? ही म्हणाली, नो! आता मला सांगा, माणसानं भांडायचं कसं?"

सर म्हणाले, "काका, स्टबर्न शब्द अजून मोकळा आहे. तो वापरा."

काका खिन्नपणे म्हणाले, "वापरला सर. पण तिला लागत नाही तो."

* * *

काकांचा स्वतःचा शब्द आहे इंडिस्पेन्सेबल. ज्याच्यावाचून चालतच नाही असा. तो त्यांनी मिळवला होता, "इन अवर हाउस आय ॲम नॉट इंडिस्पेन्सेबल. मिक्सर इज," या वाक्यावर. सांगताना त्यांच्या आवाजात जे काही होतं, त्यावरच सर विरघळले.

क्लासला अक्षय नावाचा एक तरुण येतो. टू-व्हीलरच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. केस चांगले आहेत, पण तेल लावत नाही. एके दिवशी पठारे काका जिना चढून आले ते धापा टाकतच आणि सरळ अक्षयसमोर उभे राहिले.

"पूजाला मेसेज तू केलास?"

पूजा म्हणजे काकूंची भाची. सावेडीत राहते. अक्षयचा चेहरा असा पडला की फेशियल करूनसुद्धा वर आला नसता.

"क... कुठला मेसेज काका?"

"यू आर इंडिस्पेन्सेबल टू मी! पोरगी आईला दाखवत होती, आईनं हिला दाखवला, हिनं मला. स्पेलिंगसकट बरोबर! मी तिथंच ओळखलं, हा शब्द केडगावातून आलाय!"

अक्षय हात जोडून म्हणाला, "काका, माझं पूजावर खरंच..."

"ते पूजाचं तू बघ आणि तिचा बाप बघेल!" काका कडाडले. "माझी परवानगी घेतलीस का शब्दाची?"

सरांनी निकाल दिला. महिनाभर अक्षयनं 'व्हेरी गुड' आणि 'व्हेरी बॅड' यावर भागवायचं. त्यानं बिचाऱ्यानं भागवलं. पूजाला म्हणे त्या महिन्यात फार कोरडे मेसेज गेले.

यंदा त्या दोघांचा साखरपुडा झाला. आहेराच्या वेळी काका उठले, अक्षयच्या हातावर नारळ ठेवला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, आजपासून इंडिस्पेन्सेबल तुमचा." मुलाकडच्या मंडळींना वाटलं, गाडी दिली.

* * *

माझा शब्द मेटिक्युलस. म्हणजे बारीकसारीक गोष्टीसुद्धा नीट, नेटकेपणानं करणारी. मी म्हटलं होतं, "आय ॲम मेटिक्युलस विथ युवर आयब्रोज, बट यू शेक." लगेच मिळाला.

परवा एक नवरी मुलगी थ्रेडिंगला बसली. माझ्या दातात दोरा. ती डोळे मिटून म्हणते, "मॅम, प्लीज बी मेटिक्युलस."

माझ्या तोंडून दोऱ्यासकट निघून गेलं, "परमिशन?"

ती बिचारी दचकून म्हणाली, "सॉरी, आईला विचारू का?"

* * *

आता मामांचा चिक्कूपणा म्हणजे काय ते सांगते. खुद्द शेळके सरांना एका शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायचं होतं. एका देणगीदाराचा सत्कार होता. सरांना वाटलं, इथं मॅग्नॅनिमस फिट्ट बसतोय. आता सर खुद्द सर, वापरला असता तर कोण विचारणार होतं? पण नियम त्यांचाच. त्यांनी क्लासमध्येच मामांना विचारलं.

मामांनी पाय लांब केले. "देनगीदारानं काय दिलं?"

"पंखे दिलेत मामा. सगळ्या वर्गांना."

"नवं का जुनं?"

"नवे."

मामांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "न्हाई सर. पंख्याला जनरस बास झालं."

आणि सरांनी भर कार्यक्रमात जनरसवर भागवलं हो! आम्ही ऐकायला गेलो होतो. मामा पहिल्या रांगेत बसून डुलत होते.

* * *

या सगळ्या गदारोळात शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. सुमन. गाव अकोले तालुक्यात, पार डोंगरात, घरची भातशेती. इथे नगरला एका खासगी दवाखान्यात नर्स. ड्युटी संपली की तशीच येते, अंगाला सॅनिटायझरचा वास घेऊन.

सुमनला परदेशात नर्स म्हणून जायचं होतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. लेखी, वाचन, ऐकणं यात पोरगी पहिल्याच फटक्यात पास झाली. पण बोलायच्या परीक्षेत साहेबासमोर बसली आणि वाचाच बसली. नापास. घरून वडिलांचा निरोप आला, "अजून एकदा दे. न्हाई जमलं तर घरी ये. स्थळं आलीत." वडील वाईट नाहीत हं. पण त्यांनाही भावकीला तोंड द्यावं लागतं. म्हणजे हीच शेवटची संधी होती.

आणि ही बाई क्लासमध्ये एकदाही बोलीला उभी राहिली नाही! सगळे शब्द येतात, अर्थ येतात, उच्चार आमच्यापेक्षा साफ. कुणी वाक्यात अडलं की हिचे ओठ हलताना मी पाहिलेत. पण सरांनी "बोल सुमन" म्हटलं की मान खाली. त्यामुळे एवढ्या सगळ्या वर्गात स्वतःच्या मालकीचा एकही शब्द नसलेली ती एकटीच.

मला तिची फार काळजी वाटायची. एकदा पार्लरमध्ये बोलावून फुकट फेशियल केलं. म्हटलं, तोंड मोकळं होईल. नुसता चेहरा उजळला.

* * *

परीक्षा पुण्यात होती. आदल्या क्लासला आम्ही खालून भेळ मागवली. भेळ खाता खाता पठारे काकू अचानक उठल्या आणि म्हणाल्या, "सुमन, ऑब्स्टिनेट तुला दिला. वापर बिनधास्त. विचारू नको."

मग काय, रांगच लागली. अक्षयनं इंडिस्पेन्सेबल दिला. काकांचा शब्द जावयाला गेलेला, म्हणून त्यांनी नुकताच मिळवलेला एक नवाकोरा दिला. मी मेटिक्युलस दिला. देताना मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. लेकीची पाठवणी करताना ओटीत एकेक घालतात ना, तसं चाललं होतं. सुमन नुसती मान हलवत होती आणि डोळे पुसत होती.

राहिले कार्ले मामा. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मामांनी द्रोणातली शेवटची शेव वेचून खाल्ली, हात पुसले आणि म्हणाले, "सकाळच्या पुन्याच्या गाडीला उजवीकडं बस. ऊन लागत न्हाई."

बस. एवढंच!

मला इतका राग आला! जिन्यात मी मामांना गाठलं. म्हटलं, "मामा, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. एक शब्द दिला असता तर झिजला असता का तुमचा?"

मामा जिन्यात थांबले. म्हणाले, "ताई, तिनं मागितला का?"

"ती कशी मागेल? ती बोलते का कधी?"

"मग तितं साहेबाफुडं कशी बोलंल?" एवढं म्हणून मामा एकेक पायरी उतरत गेले. मी मात्र चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

* * *

परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी सुमन पेढे घेऊन आली. पास! बोलायच्या परीक्षेत नुसती पास नाही, मार्क बघून सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितले. काकूंनी तिला मिठीच मारली. अक्षय म्हणाला, "पण झालं काय, ते सांग ना!"

आणि सुमन बोलायला लागली. शेवटच्या बाकावरून उठून, फळ्याजवळ उभी राहून!

"साहेब म्हातारं हुतं, गोरं. मला म्हनलं, तुला मदत केलेल्या मानसांबद्दल सांग. मी म्हनलं, आमच्या क्लासबद्दल सांगते. माझ्याकडं एक पण शब्द न्हवता, तर सगळ्यांनी आपापलं शब्द मला दिलं. दे आर व्हेरी... आन तितंच अडले."

"का गं?" मी विचारलं.

"तितं एकच शब्द बसत हुता. लई बरोबर बसत हुता. पन त्याची परवानगी न्हवती."

मामा खाली बघत होते.

"मागच्या टायमासारखंच झालं. साहेब वाट बघत्यात. वाटलं, गेलं आता, चला घरी. मग मी खरं काय ते सांगून टाकलं. म्हनलं, सर, देअर इज वन वर्ड. बट आय कॅनॉट यूज इट. इट बिलाँग्ज टू कार्ले मामा."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या.

"साहेबांनी पेनच खाली ठेवलं. म्हनलं, हू इज कार्ले मामा?"

मग काय! सुमननं साहेबांना सगळं सांगितलं. कांद्याचा लिलाव, डस्टर, स्वेटर, मेथी, मिक्सर, साखरपुड्यातला नारळ. इंग्रजीत! आणि सवयीनं प्रत्येक शब्दाआधी मालकाचं नाव घेऊन. विथ द परमिशन ऑफ पठारे काकू. विथ द परमिशन ऑफ अक्षय. साहेब आधी गालात हसत होते, मग खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. वेळ संपल्याची त्यांनाच आठवण राहिली नाही.

"शेवटी साहेबांना ऱ्हावेना," सुमन म्हणाली. "तो शब्दच ओळखायला लागले. म्हनले, काइंड? मी म्हनलं, नो सर. म्हनले, जनरस? मी म्हनलं, नो सर, जनरस इज फॉर फॅन्स."

सर टेबलावर डोकं ठेवून हसत होते.

"मग साहेबांनी लई विचार केला. आन एकदम म्हनले, मॅग्नॅनिमस!"

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी म्हनलं, सर, नाउ यू ऑल्सो हॅव टू आस्क हिम."

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. खालून बॅटरीवाला जिन्यात येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून. जरा शांत झाल्यावर सुमन पेढ्यांचा बॉक्स घेऊन मामांसमोर गेली. सरळ त्यांच्याकडे बघून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, तुमचा शब्द मला पाहिजे. मी वापरू का?"

मामांनी दोन पेढे उचलले. एक तोंडात टाकला, एक खिशात. मग उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि स्टँडवरच्या त्या जुन्या आवाजात म्हणाले,

"तू वापर पोरी, कवाबी वापर. पन त्या साहेबाला निरोप धाड. पुन्याहून केडगावला अर्ध्या अर्ध्या तासाला गाडी हाय. येऊन इचारून जायला काय हुतंय?"